अशोक चौकापुढचं भंगार दुकान : मोटर घ्या, कंडेन्सर नको

पाटी नाही, नाव नाही. सोलापूरच्या अशोक चौकातून पुढं गेलं की पत्र्याच्या शेडखाली वॉशिंग मशिनचे टब रचलेले दिसतात, तेच दुकान. मी घरी जवाचं आणि मालदांडी ज्वारीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, काढतो. ते भरडायच्या रोलरसाठी मोटर इथूनच घेतली. (आपल्या राज्यात विनापरवाना बिअर काढणं १९४९च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळं माझी मजल गोड माल्टच्या पेयापर्यंतच. यंत्रं मात्र तीच लागतात.)

पिठाच्या गिरणीत माल्टचं पीठच होतं. आपल्याला दाणा नुसता फुटायला हवा आणि जवाचं टरफल शाबूत राहायला हवं, कारण पुढं रस त्याच टरफलांतून गाळला जातो. म्हणून रोलर सावकाश हवा, मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास. इथं मिक्सरच्या मोटरींचा ढीग आहे, पण त्या हजारोंनी पळतात आणि गल्ली जागी करतात. लूमच्या मोटरीही पडून आहेत, सोलापूरच आहे ना. माल दणकट, पण थ्री फेज. घरच्या लाइनीवर काय कामाचा?

घ्यायची ती सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनची धुण्याकडची मोटर. ती दोन्ही बाजूंनी फिरते, म्हणजे रोलरमध्ये खडा अडकला की उलटी फिरवून मोकळा करता येतो. मोटरला २ इंची पुली, रोलरला १२ इंची, की १३५० फेऱ्यांच्या सव्वादोनशे होतात. आधी रोलर रिकामा फिरू द्यायचा, मग दाणे सोडायचे. ही मोटर मुळात पंधरा मिनिटांच्या टायमरवर चालणारी, त्यामुळं मोठा घाणा असेल तर मध्ये गार होऊ द्या.

दुकानाला गुण द्यायचे तर दुकानदार चाचांच्या सिरीज बोर्डाला. शंभर वॅटच्या बल्बमधून मोटर लावून दाखवतात. बल्ब मंद पेटला तर वायंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) धड, लख्ख पेटला तर शॉर्ट, पेटलाच नाही तर तार तुटलेली. मी मीटर काढला तर म्हणाले, "मीटर कशाला ओ, वास घ्या की." खरंय, जळकं वॉर्निश लपत नाही. तरी शाफ्ट हातानं हलवून बघाच. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजलेलं असलं तर बल्बला काय कळतंय?

भावाची गंमत अशी की चाचा मोटरीचा नाही, तांब्याचा भाव लावतात. वायंडिंग ॲल्युमिनियमचं निघालं की मोटर एकदम स्वस्त, मग ती चालू का असेना. माझी तसलीच आहे. तांब्याइतका ताप सोसणार नाही, पण आठवड्याला एखादा घाणा काढायला तांबं कशाला?

कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, मात्र इथून अजिबात घेऊ नका. डब्यात जुने, पोट फुगलेले भरून ठेवलेत आणि तेच "चालतंय की" म्हणून हातात देतात. मोटरवरचा आकडा बघून इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवा घ्या. ढवळणीसाठी गाडीची वायपर मोटर हवी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी सोबत न्या, चाचांकडं नाही.

शुक्रवारी दुपारी बंद. घेतलेला माल परत घेत नाहीत.