सगळं नीट होईल की सगळं बिघडेल? चांद्रयान-२ विरुद्ध ३

दोन्ही यानं दिसायला जवळपास सारखीच, पण डोक्यातला विचार एकदम उलटा. २०१९ च्या चांद्रयान-२ मधल्या विक्रमचं, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या भागाचं, डिझाइन सगळं ठरल्याप्रमाणे होईल असं धरून केलेलं, आणि झालं काय, तर इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यानाला पटकन वळायचं होतं पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली, शिवाय उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर. म्हणजे बिचारं जमीन जवळ येत असताना त्या चौकोनाकडे धावत होतं! आदळणारच ना.

२०२३ ला इस्रोने प्रश्नच बदलला, काय काय बिघडू शकतं ते आधी बघा. जागा ४ बाय २.४ किलोमीटर, पाय मजबूत, इंधन जास्त, वेग मोजायला वेगळा लेझर सेन्सर. पाच इंजिनांची चार केली, हे मला सगळ्यात भारी वाटतं, कारण सुधारणा म्हटलं की आपण काहीतरी वाढवतच जातो.

अशा तयारीने वजन वाढतं हे खरंय, पण मला विचाराल तर ही दुसरी पद्धतच बरी. २३ ऑगस्टला उतरलं की राव!