आश्रमशाळा, एकलव्य की नामांकित: पोराला कुठे टाकायचं?

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनी, हिंगण्याकडच्या आदिवासी घरांत उन्हाळा लागला की हा विषय निघतोच. आदिवासी पोरांची आश्रमशाळा, केंद्राची एकलव्य निवासी शाळा आणि नामांकित योजनेतली खासगी शाळा, तिन्हीकडे फी नाही, राहणं-जेवण सरकारी खर्चाने. म्हणजे पैशाचा हिशेब बाजूलाच राहतो. अडचण वेगळीच आहे: नामांकितचं दार पहिलीला उघडतं, एकलव्यचं सहावीला. नामांकितला हो म्हणायचं तर पोर सहा वर्षांचं असतानाच म्हणावं लागतं.

ही नामांकित योजना २०१०-११ पासूनची. शहरातल्या खासगी इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत पोराला घेतात आणि फी आदिवासी विकास विभाग शाळेला परस्पर भरतो. उत्पन्नाची अट आहे, अर्ज आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात. बारावीपर्यंत काळजी नाही, इंग्रजी लहानपणापासून कानावर पडतं, हे खरं आकर्षण. पण शाळेचं वाटप कार्यालय करतं. ती नागपुरातच मिळेल असं धरून चालू नका. शाळा योजनेतून वगळली गेली, तर पोरांचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं, म्हणजे पुन्हा नवे मित्र, नवे मास्तर. शिवाय घरी आजीशी गोंडीत बोलणारं पोर दिवाळीला घरी येईपर्यंत कोणाशी गोंडी बोलणार? शाळा आई-बापाला सकाळी निघून, पोराला भेटून संध्याकाळी परतता येईल इतकी जवळ असेल आणि मोठं भावंड तिथेच शिकत असेल, तर मी हो म्हणेन. नाही तर पोराला चौथी-पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहू द्यावं.

तेवढी वर्षं घरी काढली की एकलव्यचा विचार करता येतो. केंद्राची ही योजना १९९७-९८ची. आपल्या जिल्ह्यात रामटेक तालुक्यात खैरी परसोड्याला शाळा आहे. सीबीएसई अभ्यासक्रम, सहावी ते बारावी, एका शाळेत ४८० जागा, निम्म्या मुलींच्या. प्रवेश परीक्षेवर. बुद्धिमापन, गणित आणि भाषा असा पेपर असतो, त्यामुळे पाचवीच्या वर्षी गुरुजींना धरून सराव करून घ्या. मराठीतून आलेल्या पोराला सहावीचं वर्ष जड जातं, हे आधीच ओळखून ठेवावं. दुसरं, २०२३ पासून शिक्षकभरती देशपातळीवर होते, त्यामुळे बाहेरच्या राज्यांतले हिंदी बोलणारे शिक्षक बरेच येतात. गडचिरोलीच्या आत हे जाचतं. देवलापारकडच्या पोरांचं तेवढं अडत नाही, मध्य प्रदेशची हद्द लागूनच आहे, हिंदी त्यांच्या कानावरची आहे. तिघांत माझं मत एकलव्यला.

परीक्षेत नंबर लागला नाही तर आश्रमशाळा. लोक तिला नाक मुरडतात, ते मला पटत नाही. २०११च्या जनगणनेत राज्यातल्या अनुसूचित जमातींची साक्षरता ६५.७ टक्के होती, स्त्रियांची ५७. एवढी मजल गाठण्यात या शाळांचाही वाटा आहे. माध्यम बहुतेक ठिकाणी मराठी, बोर्ड राज्याचं, गाव त्यातल्या त्यात जवळ, आणि आपल्याच समाजाची पोरं सोबतीला. मात्र शाळा-शाळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंके समितीने आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर अहवाल दिला होता, तो विसरून चालणार नाही. म्हणून नाव घालण्याआधी स्वतः जाऊन बघा, तेही सुट्टी सोडून आणि न कळवता. मुली झोपतात ती खोली वर्गाचीच आहे का? स्त्री अधीक्षिका रात्री तिथेच राहते का? संडासात पाणी येतं का? आजारी पोराला दवाखान्यात कोण आणि कशाने नेतं? गणित-विज्ञानाला शिक्षक आहे की जागा रिकामी? उत्तरं बरी मिळाली, तर नामांकितपेक्षा मी हीच शाळा निवडेन, मुलगी असेल तर नक्कीच. आणि आश्रमशाळेत टाकलं तरी एकलव्यचं दार बंद होत नाही: तिथल्या सातवी ते नववीच्या रिकाम्या जागाही परीक्षेनेच भरतात, तेव्हा पुन्हा बसवता येतं.

बारावीनंतर नागपुरात शिकायला येणाऱ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. या टप्प्यावर जातवैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला पडताळून घेण्याचा प्रश्न येतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांचे जुने महसुली किंवा शाळेचे कागद लागतात, आणि ते शोधायला वेळ जातो. पोर पाचवीत असतानाच तहसीलच्या रेकॉर्डला अर्ज टाकून ठेवा.