माळेगावच्या यात्रेतली काठी: नऊ महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत काठी घेतली, घासाघीस करून 220 रुपयांना. दुकानदाराने आधी विचारलं, "मालकासाठी का?" मालक पुण्याला ट्रकवर असतात. काठी मलाच हवी होती.

अहमदपूर तालुक्यात आमचं साडेचार एकर रान आहे, घरापासून पाऊण किलोमीटरवर. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणजे दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. वाटेत उकिरड्याजवळ सात-आठ कुत्र्यांची टोळी बसलेली. आधी मिरचीचा स्प्रे मागवला होता. चालतो का बघावं म्हणून अंगणात मारला तर वारा माझ्याकडेच होता, अर्धा तास डोळे धूत बसले. तो आता कपाटात पडून आहे.

काठी निवडताना मी दोन गोष्टी बरोबर केल्या आणि एक चुकले. बरोबर हे की भरीव वेळू घेतला, ज्याला मानवेल म्हणतात. टोक बघायचं, आत पोकळी नको. आणि पेरं जवळजवळ असलेली बघून घेतली. चुकलं ते मापात. मोठी ती चांगली म्हणून सहा फुटी उचलली. गावात तात्या म्हणून एक जुने पैलवान आहेत, त्यांनी बघून कपाळाला हात लावला. "पोरी, ही काय झेंड्याची काठी हाय का? तुझ्या कानाला लागंल एवढीच पाहिजे." करवतीने कापली, तेव्हा ती माझ्या हाताची झाली. वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. हातात घेतल्यावर हलकी वाटते, दहा मिनिटं फिरवली की नाही.

फिरवणं तात्यांनीच शिकवलं, त्यांच्या वाड्यासमोर, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. पहिला महिना सगळा मार मलाच बसला. गुडघा, घोटा, एकदा कानामागे टेंगूळ. मनगट दुखायला लागलं तर तात्या म्हणाले, "मूठ आवळू नको, चिमणी धरल्यासारखी धर." खरंच मूठ सैल केली की मनगटाचं दुखणं आठवड्यात कमी झालं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी वीस फेरे झाले की दम लागायचा. आता न थांबता दहा मिनिटं जातात. उजवा खांदा आखडलेला असायचा, पाठीमागे वेणी घालताना हात वर जायचा नाही, तो मोकळा झाला. यातलं काठीचं किती आणि रोज हलण्याचं किती, ते मला वेगळं काढता येणार नाही.

आता कुत्र्यांचं. आधी वाटायचं, काठी उगारली की पळतील. उगारली की ती जास्त अंगावर येतात, हे दुसऱ्याच रात्री कळलं. पळायचं नाही, पाठ करायची नाही, काठीचं टोक खाली आपल्या पुढ्यात धरून उभं राहायचं. टोकापासून आपल्यापर्यंत चार-साडेचार फूट अंतर राहतं आणि तेवढं अंतर बस होतं. नऊ महिन्यांत एकदाही कुत्र्याला मारलं नाही. तरी चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. आमच्याकडे अजून चुना-हळद लावणारे आहेत, म्हणून लिहिते.

सगळ्यात जास्त कामाला आली ती सापासाठी. मृगाचा पाऊस लांबला आणि उसाला रात्रीचं पाणी सुरू झालं तेव्हा. बांधावरच्या गवतात आधी काठी टेकवायची, पाय तिच्या मागून. जमिनीची थरथर सापाला कळते आणि बहुतेक साप आपणहून सरकतात. घोणस मात्र हट्टी. ती जागा सोडत नाही, वेटोळं घालून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा फुत्कार करते. एका रात्री काठी टेकवली आणि पुढून तो आवाज आला. बॅटरी मारली तर पाचटाच्या रंगात मिसळून गेलेली, अंगावरचे गोल ठिपकेच तेवढे दिसले. काठी होती म्हणून माझा पाय दोन पावलं मागे होता. मारायला गेले नाही. मारायला जाऊन चावून घेतलेले आमच्या शिवारात दोघे आहेत. चावलीच तर काठीचा काही उपयोग नाही. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, 108 ला फोन लावायचा आणि विषावरचं इंजेक्शन मिळतं त्या सरकारी दवाखान्यात जायचं. म्हणून रानात जाताना मोबाईल चार्ज आहे का ते मी काठीच्याही आधी बघते. गमबूट घातले नसतील तर काठी असूनही उसात उतरू नये.

रानडुकरापुढे काठी म्हणजे खराटा. कळप आला की बांधावरच्या झाडाच्या आड व्हायचं, शूरपणा करायचा नाही.

माणसांचा प्रसंग एकदाच आला. मोटारसायकलवर दोघं, लाईट बंद, प्यालेले. रस्ता विचारायला थांबले म्हणे. मी काठी उचललीच नाही. दोन्ही हातांत आडवी धरली, बॅटरीसुद्धा त्याच मुठीत, झोत त्यांच्या तोंडावर, आणि जोरात ओरडले, "तात्या, इकडं या हो!" तात्या तेव्हा गावात घोरत असणार. पण ते गेले. काठी हातात नसती तर आवाज तेवढा निघाला नसता, असं मला वाटतं.

कायद्याचंही बघून घेतलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. दुसरं म्हणजे सणासुदीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यात तलवार-भाल्यांच्या रांगेत लाठी-काठी पण असते. मला हे ठाऊक नव्हतं. रानातून तशीच बाजारात गेले तर हवालदारांनी थांबवलं, "ताई, ही घरी ठेवून या." ठेवून आले.

निगा राखावी लागते, हे विकणारा सांगत नाही. एप्रिलमध्ये काठी पत्र्याला टेकवून उन्हात राहिली आणि टोकाकडून हातभर तडा गेला. लोहाराकडून लोखंडी शेंबी बसवून घेतली, 60 रुपये. तेल करडईचं लावते. पहिल्यांदा भरपूर चोपडलं तर ते चिकट होऊन सगळी धूळ बसली, मूठ धरवेना. थोडंच लावायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी फडक्याने कोरडी पुसायची. पावसाळ्यात खालच्या पेरातून पांढरी भुकटी पडायला लागली, म्हणजे आत किडा. भोकात रॉकेल सोडून ती थांबली, पण पुढच्या वेळी दुकानदाराला विचारणार की वेळू कधी तोडलाय. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्याला कीड कमी लागते.

घरात ती कुठे ठेवायची ते मामींनी ठरवलं, म्हणजे सासूबाईंनी. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात दगड-मातीचं घर त्यांच्या भावाच्या अंगावर आलं. तेव्हापासून उशाशी चप्पल आणि बॅटरी असल्याशिवाय त्या झोपत नाहीत. मी काठी दाराआड उभी केली तर म्हणाल्या, "दार अडकलं की काठीबी अडकली. खाटंखाली ठिव." आता तिथेच असते, बॅटरीच्या शेजारी.

पोरगी आठवीत आहे, तिलाही पाहिजे म्हणते. येत्या यात्रेत घ्यायची. सुतळीने कानापर्यंत माप घेऊन गाठ मारून ठेवली होती. काल बघितलं तर तिनं गाठ सोडून चार बोटं वर मारलीय.