ट्रेलरची चाकं आपल्यासमोर उघडून काम करणारा मोबाइल मेकॅनिक, डॅलस परिसर – ५ पैकी ४.५

आमचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, दोन अ‍ॅक्सलचा, प्रत्येक अ‍ॅक्सल ३५०० पाउंडचा, इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. मार्चमध्ये टेक्सासमधल्याच पालो ड्युरो कॅन्यनला निघायच्या आधी एका शॉपमधून बेअरिंग सर्व्हिस करून घेतली होती, पाऊण तासात ट्रेलर परत, बिलावर ग्रीस भरलं असं लिहिलेलं, आम्ही निर्धास्त. २८७ हायवेने जाताना विचिटा फॉल्सला गॅस भरायला थांबलो तर बाबा (सांगलीहून आलेत, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली) खाली उतरून चारही हबना (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून आले आणि म्हणाले, अगं मागचं उजवं चाक गार आहे. मी म्हटलं गार आहे तर बरंच आहे की. तर म्हणे तीन कोमट आणि एक गार म्हणजे ते चाक ब्रेकच धरत नाहीये, त्याचं काम बाकीची तीन करतायत. आणि खरंच, ब्रेक मारला की ट्रेलर जरासा डावीकडे ओढायचा, आम्ही इतका वेळ ते वाऱ्यामुळे समजत होतो. तिथूनच सावकाश मागे फिरलो.

मग ओळखीतून हा मेकॅनिक मिळाला. एकटाच माणूस आहे, व्हॅन घेऊन येतो. आमच्या सोसायटीत ट्रेलर उभा करू देत नाहीत म्हणून स्टोरेज लॉटवर बोलावला, तर तिथे आला. पहिली गोष्ट आवडली ती म्हणजे जॅक फ्रेमला लावला, अ‍ॅक्सलच्या नळीला नाही, नळी वाकते म्हणून. ड्रम काढला आणि आतलं बघून मला कसंतरीच झालं, ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) आणि त्यांना ढकलणारं मॅग्नेट ग्रीसने पूर्ण माखलेले. झालं काय होतं, या अ‍ॅक्सलला टोकाला रबरी बुचाखाली ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असतं, तिथून भरलेलं ग्रीस चाकाच्या आतल्या बेअरिंगमधून बाहेरच्यात येतं. ते हाताच्या ग्रीस गनने, चाक फिरवत फिरवत, हळूहळू भरायचं असतं. हवेच्या गनने दणादण मारलं की आतल्या बाजूचं सील सुटतं आणि ग्रीस सरळ ब्रेकवर. त्याने स्पष्टच सांगितलं की निपलमधून ग्रीस मारणं म्हणजे सर्व्हिस नाही, वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी होईल तेव्हा, हब उघडून बेअरिंग धुऊन डोळ्यांनी बघायलाच पाहिजे. चारही चाकांची बेअरिंगं धुतली, एकेक रोलर मला आणि बाबांना दाखवला, पुढच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या बेअरिंगला निळसर डाग होते तर ते कपासकट, म्हणजे बाहेरच्या रिंगसकट, बदललं. सीलं चारही नवी. शू मात्र मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलले, एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक परत एकीकडे ओढतो. यावर बाबा एकदम खुश, आम्हीपण हेच करायचो म्हणाले. स्पिंडलचा (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचा) नट हब फिरवत ५० फूट-पाउंडला (हे आवळायच्या जोराचं माप) आवळला, मग ढिला केला, मग नुसता बोटांनी आवळून, तो फिरू नये म्हणून नवी कॉटर पिन.

मी बोल्टचं काही सांगितलंच नव्हतं, पण पाट्याचे शॅकल (पाटे फ्रेमला जोडणाऱ्या पट्ट्या) त्याने स्वतःहून तपासले आणि आतले प्लॅस्टिकचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) पार झिजलेले निघाले, बोल्टला खाच पडलेली, बोट फिरवलं तर लागत होती!! ब्राँझ बुश आणि ग्रीस निपलवाले बोल्ट टाकून घेतले, त्याचे पैसे वेगळे पण मला ते पटलं. या बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात ते शॅकलच्या पट्टीत रुतून बसतात, त्यामुळे फिरवायचा तो फक्त नट, डोकं फिरवलं की दाते गेले. आणि फार आवळायचाही नाही, ३० ते ५० फूट-पाउंड बास, शॅकल मोकळा हलला पाहिजे.

चाकाचे नट त्याने नट फिरवायच्या गनने फक्त काढले. लावताना टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), समोरासमोरचे असे चांदणीसारखे, आधी २५, मग ६०, मग ११०. आणि निघताना बजावून गेला की १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून परत बघा. आम्ही पाहिलं, १० मैलांवर दोन नट खरंच थोडे फिरले.

एकूण ७८० डॉलर झाले, पाच तास लागले. अर्धा स्टार कापला कारण दोन आठवडे थांबावं लागलं आणि त्या दिवशीही दीड तास उशिरा आला, एक फोन तरी करायचा. पण जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिले, कुठला का बदलला हे सगळं सांगून.

एकटा माणूस आहे म्हणून नंबर असा उघड टाकत नाही, कोणाला हवा असेल तर विचारा. गेल्या आठवड्यात परत पालो ड्युरोला जाऊन आलो, विचिटा फॉल्सला बाबा उतरले, चारही हबना हात लावला, चारही सारखेच कोमट.