प्रश्नावली की एका मुलाची नोंदवही?

विशेष बी.एड.च्या, म्हणजे अपंग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेणाऱ्या, छात्राध्यापकाला संशोधन शिकवायला दोन वाटा. प्रश्नावलीचं सर्वेक्षण लवकर उरकतं. किती पालकांना सवलती माहीत आहेत, हे त्यातूनच कळतं. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. सगळ्यांची एकच सरासरी काढली की मूल हरवतं.

मला एका मुलाचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. आधी काही न बदलता आठवडाभर नोंदी, मग उपाय, मग पुन्हा नोंदी. धुळ्याकडच्या एका वर्गात ‘इकडे ये’ म्हटल्यावर मुलगा हलेना. छात्राध्यापिकेनं घरच्या अहिराणीत ‘आठे ये’ म्हटलं, तो लगेच उठला. दोन्ही भाषांतल्या दहा-दहा हाकांना तो किती वेळा उठला, याच्या तिनं रेघा मारल्या, तेव्हा कुठे खात्री पटली. अर्थात, एका मुलावरून अख्ख्या खान्देशाबद्दल बोलता येत नाही.