चित्ररथ, आखाडा की छावणी?

वर्गणी जमलेली असते, शिवजयंती तोंडावर आलेली असते, आणि पंचांच्या बैठकीत दरवर्षी तोच घोळ: यंदा दाखवायचं काय? थोरल्यांना चित्ररथ हवा, तालमीतल्या पोरांना मर्दानी खेळांचा आखाडा. कोपऱ्यातला एखादा मास्तर म्हणतो, शिवकालाची छावणी मांडूया की. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांना हे तिन्ही मार्ग खुले आहेत. मी तिन्हींत घाम गाळलाय, कधी रथावर मावळा होऊन, कधी नुसती दोरी धरून.

चित्ररथाला इकडं तोड नाही. आपली शिवजयंती तिथीची, वैशाखातली. मिरवणूक रात्रभर चालते आणि अख्खा जिल्हा रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. पण एक रथ एका माणसासमोर दोन मिनिटं थांबतो. मागच्या मंडळाच्या साउंडमध्ये आपला संवाद बुडतो, वर विजेच्या तारा, म्हणून बुरूजही बुटका. अफजलखान एका रात्रीत तीस-चाळीस वेळा मरतो. आमच्या देखाव्यातल्या जिवा महालाच्या मनगटावर घड्याळ होतं. ते पहाटे कुणाच्या तरी फोटोत दिसलं. पैसा जातो ट्रेलर, जनरेटर आणि भाड्याच्या जिरेटोपांत. उत्सव म्हणून उत्तम, पण त्या काळाबद्दल बघणाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही.

आखाड्याचं तसं नाही. पट्टाच घ्या, म्हणजे दांडपट्टा. पातं लांब, सरळ, लवचीक, दोन्ही बाजूंनी धार. मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा खोबळा. त्यात मनगट वळत नाही, म्हणून सगळा वार खांद्यातून आणि पायांतून येतो. पवित्र्यावर वस्ताद एवढा जीव का टाकतात, हे पुस्तकातली चार पानं वाचून कळत नाही. पोरगं समोर फिरलं की एका मिनिटात कळतं. विटाही तसाच: फेकलेला भाला मनगटाला बांधलेल्या दोरीनं परत हातात. माडूला, म्हणजे शिंगांच्या दुटोकी हत्याराला, मात्र काळविटाची शिंगं शोधत बसू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते अंगाशी येतं. लाकडाचा करून घ्या.

आखाड्याचं दुखणं म्हणजे शिट्ट्या. गर्दीला पोटावरचा नारळ, हातावरचं लिंबू आणि आगीचे गोळे हवे असतात, आणि पोरं त्या नादाला लागली की खेळाची सर्कस होते. पट्टा चार फुटांचा, वर हात आणि पाऊल धरा. वीस फुटांच्या आत मी तरी दोरी बांधू देणार नाही. नऊ इंचांवरचं धारदार पातं शस्त्र नियमांत येतं, तेव्हा पोलिसांची लेखी परवानगी आधी काढा आणि पाती बोथट ठेवा.

छावणीला खर्च कमी, पण माणसं जास्त लागतात. शाळेचं मैदान घ्या. किल्ल्याचा मोह सोडा: बेळगावचा भुईकोट रट्ट राजांच्या काळातला, १२०४ चा, पण संरक्षित स्मारक, परवानग्यांतच महिने जातील. मैदानात चार-पाच राहुट्या. एकीत ढाल-तलवार, आणि युरोपातलं पातं बंदरांतून येऊन आपल्या मुठीत बसलं की ‘फिरंग’ कशी व्हायची, ते सांगणारा. दुसरीत चूल. तिथं ज्वारीची भाकरी, कांदा, डाळ. बटाट्याची भाजी आणि टोमॅटो त्या ताटात नव्हते, हे ऐकून बायका जास्त प्रश्न विचारतात. सगळ्यांत लांब रांग मात्र मोडी लिपीच्या राहुटीपुढं लागते. पोराला स्वतःचं नाव मोडीत लिहून दिलं की ते कागद घडी करून खिशात ठेवतं.

प्रत्येक राहुटीत सहा तास उत्तरं देणारा माणूस हवा, आणि निम्म्या राहुट्यांत कन्नडही येणारा. बैलहोंगलकडचा कुणी येणार आणि १६७८ मध्ये मराठी फौजेशी झुंजलेल्या बेलवडीच्या राणी मल्लम्माबद्दल विचारणारच. तिथं तोंड फिरवलं तर आपण इतिहास कसला दाखवतोय? अशी माणसं गल्लीत नसतील तर छावणीच्या नादाला लागू नका, मुकाट रथ काढा.

असतील तर माझं मत छावणीला. मैदानाच्या मधोमध आखाड्याचे अर्ध्या तासाचे दोन खेळ ठेवा, सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि हे वैशाखात करू नका. आठ-दहा किलोचं कड्यांचं चिलखत घालून एक पोर दुपारी उभं केलं होतं, तासाभरात त्याला सावलीत नेऊन लिंबूपाणी पाजावं लागलं. दिवाळीची सुट्टी बरी. तेव्हा गल्लोगल्ली किल्ले उभे असतात, आणि महिनाभर माती मळून प्रत्येक दरवाजाचं नाव पाठ झालेली पोरं आयती मिळतात.