टर्बो गेला म्हणून ३८ हजार घेतले, गेलं होतं मॅनिफोल्डचं पॅकिंग

कोल्हापूर भागातल्या ट्रकवाल्यांनो, हे नीट वाचा, कारण हाच डाव तुमच्यावर पण पडू शकतो.

माझी एकच गाडी, मीच चालवतो. कोकणातनं चिरा भरून फोंडा घाट चढताना गाडी मरायला लागली, पिकअप नाही, मागं काळा धूर आणि ॲक्सिलेटर दाबला की बॉनेटखालनं फुस्स असा आवाज. उभ्या गाडीला मात्र काहीच नाही. हायवेच्या एका गॅरेजला दाखवली, त्यानं स्कॅनर लावला, बूस्ट प्रेशर लो (म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिचा दाब कमी) असा एरर आला, आणि ती स्क्रीन माझ्यापुढं धरून म्हणला "बघा मालक, कॉम्प्युटरच सांगतोय, टर्बो संपला." नवीन टर्बो म्हणून ३८ हजार घेतले, बिल कच्च्या कागदावर.

पुढच्याच चढाला परत तोच धूर, तोच आवाज. मग उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी आधी टॉर्च मारून, हवा सिलिंडरांत वाटून देणारा मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला बसतो तो जॉइंट बघितला, तर मागच्या सिलिंडरपाशी बोटभर तेलकट काळा पट्टा. मग टर्बोच्या हवेच्या तोंडाला बूच मारलं, रेग्युलेटर लावून साधारण एक बारपर्यंत हवा सोडली आणि जॉइंटवर साबणाचं पाणी टाकलं. त्या काळ्या पट्ट्यावरच बुडबुड्यांची रांग लागली, बघून डोकंच फिरलं माझं. त्या जॉइंटमधलं पॅकिंग काही शे रुपयांचं! मिस्त्रींनी पोर्टमध्ये फडकी कोंबून जुनं पॅकिंग खरवडलं, फेस साफ केला, बोल्ट मधनं बाहेर असे टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आवळले. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली.

स्कॅनर फक्त एवढंच सांगतो की दाब कमी आहे, हवा कुठनं गळते ते सांगत नाही. होज फाटला असेल, क्लिप ढिली असेल, हवा थंड करणारा इंटरकूलर गळत असेल, पॅकिंग गेलं असेल, सगळ्याला एरर तोच. आयडलला, म्हणजे उभी गाडी नुसती चालू असताना, टर्बोचा दाबच नसतो म्हणून लीक लपतो, लोडवरच कळतो. टर्बो खरंच गेलाय का ते बघायचं तर शाफ्ट हातानं हलवा, आडवा किंचित हलला तर चालतो, पण आतबाहेर हलत असेल किंवा पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर तो गेला. आणि व्हिडिओत लीक शोधायला दाखवतात तसा पेटणारा स्प्रे डिझेल गाडीवर अजिबात मारू नका, ती पेट्रोल इंजिनची पद्धत, इथं तापलेल्या टर्बोवर पडला तर भडका उडंल.

आता मेन गोष्ट. कुठलाही पार्ट खोलायच्या आधी मी फोटो काढून ठेवतो. "नवीन" टर्बोवरचा सिल्व्हर रंग मिस्त्रींनी थिनरनं पुसला तर प्लेटवर माझाच जुना नंबर निघाला. म्हणजे माझाच टर्बो धुऊन रंगवून मला विकला. जाब विचारायला गेलो तर "तुम्ही दुसरीकडं गाडी खोलली, आता आमची जबाबदारी नाही" म्हणाले.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात पण टाकतोय. ट्रक म्हणजे धंदा, तिथं चालत नाही असं काहीजण सांगतात, पण स्वतः राबून त्याच्यावरच पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलंय. आयोगात तक्रार टाकायची मुदत दोन वर्षं. असंच कुणाचं झालं असेल तर बिल कच्चं असलं तरी जपून ठेवा, आणि टर्बोच्या प्लेटचा फोटो आजच काढून ठेवा.